अॅल्युमिनियमची चौकट

खिडकीची कडी काढून झडप आत ओढली, तर ती झडप माझ्या हातातच आली. बिजागऱ्या, स्क्रू आणि चौकटीचा हातभर तुकडा, सगळं तिच्याबरोबर. तुकडा फरशीवर पडला तेव्हा लाकूड पडल्यासारखा आवाजही झाला नाही. भाजका पापड चुरावा तसा तो चुरला, आणि आतून पांढऱ्या वाळव्या निघून सैरावैरा पळायला लागल्या. काच फुटली नाही, कारण ती मी छातीशी धरली होती.

समोर पलंगावर हे. डोळे एवढे मोठे झालेले. एके काळी असं काही झालं असतं तर, "अगं सोड, सोड, पायावर घेशील!" असं ओरडत धावले असते. आता नुसते बघत होते.

"काही नाही, काही लागलं नाही मला," मी म्हटलं.

त्यांनी एकदा डोळे मिटले. आमच्यात ठरलेलं होतं. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

शेजारच्या बाईंना हाक मारून झडप खाली ठेवली आणि लवू मेस्त्रींना फोन केला. लवू मेस्त्री आणि हे बालवाडीपासूनचे सोबती. तासाभरात आले, पिशवीतून पेचकस काढला आणि चौकटीवर ठिकठिकाणी ठोकत गेले. कुठेच घट्ट आवाज येईना. मग पेचकस नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"वैनी, कायच उरलेला नाय हिच्यात," मेस्त्री म्हणाले. "रंगावर उभी होती ही. सगळी चौकट काढायला लागंल. आणि काढल्याबगर मी जाणार नाय, वरची भिंत बसली तर पलंगावरच बसंल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते मेस्त्रींकडे बघत होते.

ती खिडकी म्हणजे आमच्या घराची अर्धी भिंतच होती. देवरुखच्या एस.टी. स्टँडकडून वर येणारा रस्ता आमच्या दारापुढे वळतो. वळणावर गाड्या हळू होतात, माणसंही हळू होतात. हे त्या स्टँडवर कंट्रोलर होते, निवृत्त होईपर्यंत. "साखरप्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हा त्यांचा आवाज तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. सदानंद पंदेरे हे नाव कितीजणांना माहीत होतं कोण जाणे; कंट्रोलर म्हटलं की घर कुणीही दाखवायचं.

आधी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटायला लागला. मग पाय अडखळायला लागले. मग बोलणं जड झालं. कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मला आणि विक्रांतला, आमच्या मुलाला, केबिनमध्ये थांबवून घेतलं. जे सांगितलं ते आम्ही दोघांनी आमच्यातच ठेवायचं ठरवलं. ह्यांना सांगितलं की व्यायाम करायचा, मालीश करायची, गुण येईल. त्यांनीही कधी काही विचारलं नाही. नंतर तर विचारायला आवाजच राहिला नाही.

तेव्हापासून पलंग खिडकीशी होता. येणारा जाणारा गजांशी थांबायचा. मासेवाली टोपली खाली ठेवून बाजारभाव सांगायची. ड्रायव्हर वळणावर गाडी हळू करून, "काय कंट्रोलर!" असं ओरडून पुढे जायचे. हे बोलू शकत नव्हते ह्याची कुणालाच अडचण वाटत नव्हती. खरं तर ह्यांना मधेमधे बोलता येत नसल्यामुळे लोकांनाच बोलायला जास्त मिळत होतं.

मेस्त्रींनी त्या दिवशी बांबूचे टेकू देऊन भिंत धरली आणि मोकळ्या जागेवर एक जुनी चादर बांधली. विक्रांत शनिवारी ठाण्याहून आला.

विक्रांत आमचा एकुलता एक. हुशार, आणि वडिलांवर जीव टाकणारा. फक्त त्याचं प्रेम नेहमी कामातून दिसायचं. आल्याबरोबर त्याने बॅगेतून पांढऱ्या नळीसारखा एक तुकडा काढला.

"यूपीव्हीसी, आई. ह्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, पावसात फुगत नाही. बाहेरचा आवाज आत येत नाही."

"आवाज आला नाही तर ह्यांना कसं चालेल?"

"अगं, उघडायची ना मग. धूळ तरी येणार नाही. अण्णांच्या छातीला धूळ चांगली नाही. कोल्हापूरची कंपनी आहे, माणूस येऊन माप नेईल. दीड-दोन महिने लागतात बनवून यायला."

लवू मेस्त्रींनी तो तुकडा हातात घेऊन नखाने टोकरून बघितला आणि परत दिला. "चांगला असंल," म्हणाले. "पण माळ्यावर सागाच्या फळ्या पडल्यात त्या काय चुलीत घालायच्या? सदाने स्वतः उभा राहून कापून घेतलेला साग हाय. दहा वर्सं सुकलाय. शिमग्यापर्यंत अशी खिडकी करून देतो की नातवंडं बघतील."

"शिमग्यापर्यंत?" विक्रांत म्हणाला.

"अरे, एकट्याचं काम. वर हातातली दोन घरं पुरी करायची. तोवर पत्रा ठोकून देतो, वारं नाय लागणार."

तेव्हा दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते.

तिसरा आला इम्तियाज. बाजारपेठेत त्याचं अॅल्युमिनियमचं दुकान होतं. तुलना करायला म्हणून विक्रांतनेच बोलावलं होतं. त्याने फीत लावून माप घेतलं, ह्यांना सलाम केला, "कंट्रोलरसाहेब, ओळखलंत ना?" असं विचारलं, आणि मला म्हणाला, "काकी, सेक्शनच्या ह्या पट्ट्या दुकानात तयार आहेत. तुम्ही सांगा, परवा बसवून देतो. लाकडासारखी शोभा नाही येणार, खोटं नाही बोलत. सरकवायची खिडकी, थोडी खडखडेल." एक चकचकीत पट्टी ठेवून तो गेला.

ह्यांचं अॅल्युमिनियमबद्दलचं मत सगळ्या घराला पाठ होतं. शेजाऱ्यांनी तसल्या खिडक्या बसवल्या तेव्हा हे आठवडाभर म्हणत होते, "काय ते, डब्याची झाकणं लावल्यासारखं!" त्यामुळे ती पट्टी विक्रांतने टेबलावर बाजूला सारून ठेवली. प्रश्न लाकूड की यूपीव्हीसी एवढाच होता.

"अण्णांना विचारू," मी म्हटलं.

हे माझं त्या दिवसांतलं खूळ होतं. ह्यांना कुठल्या कुशीवर वळवायचं, काय भरवायचं, कुठलं औषध द्यायचं, सगळं आम्ही ठरवत होतो. निदान खिडकी तरी त्यांनी ठरवावी.

मेस्त्रींनी माळ्यावरून फळीचा एक तुकडा आणला होता, रंधा मारून गुळगुळीत केलेला. मी तो ह्यांच्या तळहाताखाली ठेवला.

"हा तुमचा साग. ह्याची करायची ना?"

दोनदा डोळे मिटले.

"बरं झालं," विक्रांत म्हणाला. "अण्णा, मग ही यूपीव्हीसी?"

पुन्हा दोनदा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांचे डोळे टेबलाकडे वळले होते. मी ती चकचकीत पट्टी उचलली. "ही?"

एकदा. नीट, सावकाश.

मेस्त्री मोठ्याने हसले. "काय रे सदा, डब्याचा झाकण लावतोस होय घराला?"

हे हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्याला आता हसता येत नव्हतं, पण डोळे हसले की मला कळायचं. तेही हसले नाहीत.

मी परत विचारलं. खर्चाचा विचार करू नका म्हटलं. विक्रांतने जागा बदलून विचारलं, आधी पट्टी, मग लाकूड. उत्तर तेच. शेवटी विक्रांत मला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय? काही लोकांना ह्यात विचारावरही परिणाम होतो म्हणून."

"ह्यांच्या विचाराला काही झालेलं नाही."

"मग अण्णा अॅल्युमिनियम मागतील? अण्णा? शुद्धीतला माणूस जन्मभर एक बोलेल आणि असं करेल?" त्याचा आवाज चिरकला. "मला त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट करू दे ना. यूपीव्हीसी नको तर नको, सागाची करू. ते बरे असते तर त्यांनी तीच केली असती."

बाहेर येऊन मी मेस्त्रींना सागाचीच करा म्हणून सांगितलं. बरे असते तर त्यांनी तीच केली असती, हे खरंच होतं.

रविवारी सकाळी मेस्त्रींनी खिडकीच्या जागी पत्रा ठोकला. प्रत्येक ठोक्याला ह्यांच्या पापण्या लवत होत्या. शेवटचा खिळा बसला आणि खोलीत अंधार झाला. मी ट्यूबलाइट लावली. "थोडे दिवस हो," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. ते हो नव्हतं, नाहीही नव्हतं. त्यांना रागावायला एवढीच जागा शिल्लक होती. विक्रांत त्यांच्या पायाला हात लावून दुपारच्या गाडीने गेला, तेव्हाही त्यांनी ते उघडले नाहीत. गाडी सुटेपर्यंत तो स्टँडवरून मला फोन करत होता. "उघडले का? आई, उघडले का?"

मग ते दिवस सुरू झाले.

माणसं यायची, पत्र्यावर टकटक करायची. "कंट्रोलर, आहात ना बरे?" असं विचारायची. आतून मी उत्तर द्यायची. पण चेहरा दिसत नसलेल्या माणसाशी किती बोलणार? मासेवाली एकदा दारातून आत आली, पलंगाशी अवघडून उभी राहिली आणि, "येते हां," म्हणून निघून गेली. घरात येणं म्हणजे आजाऱ्याला भेटायला येणं. रस्त्यावरून बोलणं ते वेगळं होतं. गाड्यांचे आवाज यायचे, ड्रायव्हरची हाक यायची, आणि हे पत्र्याकडे बघायचे. उन्हं चढली की पत्रा तापून कडकड वाजायचा.

त्यांनी पेज गिळायची सोडली. मी चमचा ओठांशी न्यायची आणि ती हनुवटीवरून ओघळायची. गिळता येत नाही की गिळायचं नाही, हे मला समजेना. "दुखतंय का?" नाही. "कड बदलू?" नाही. "विक्रांतला बोलावू?" नाही. "मग काय हवंय?" ह्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'मध्ये बसत नाही. एखाद्या माणसाला आयुष्यभर ओळखावं आणि त्याच्या तोंडातला एक शब्द आपल्याला बाहेर काढता येऊ नये! मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं.

एका दुपारी मी अक्षरं घेऊन बसले. ही रीत आम्हाला कोल्हापूरला शिकवली होती. मी ओळी म्हणायच्या, ओळ आली की त्यांनी डोळे मिटायचे. मग त्या ओळीतली अक्षरं, मग काना-मात्रा. ते फार दमायचे, म्हणून अगदी अडलं तरच करायचो.

"क ची ओळ? च ची? ट ची? त? प? य?"

डोळे मिटले.

"य, र, ल, व, श?"

श. मग शि. मग प च्या ओळीतला म. मग ग, त्याला काना.

"शिमगा?"

एकदा.

मला हायसं वाटलं. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघर येते. कितीही काम असलं तरी पालखी खांद्यावर घ्यायला हे रजा काढायचे. "पालखी बघायची होय? दिसेल की! लवूभावजी तोवर खिडकी देणार आहेत. ह्याच पलंगावरून दिसेल तुम्हाला."

दोनदा. आणि लगेच पुन्हा दोनदा.

"पालखीचं नाही? मग खिडकीचं?"

एकदा.

"खिडकी शिमग्याला नको?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पत्र्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. मी पुन्हा ओळी म्हणायला लागले. प ची ओळ. म. त्याला वेलांटी, दुसरी.

"मी," मी म्हटलं. "मी काय?"

दोनदा डोळे मिटले.

मी पुढच्या अक्षराची ओळ सुरू केली, क ची, च ची. डोळे परत दोनदा मिटले. मी पुढे म्हणत राहिले, ट ची, त ची. परत दोनदा. तेव्हा कळलं की ते पुढचं अक्षर देत नव्हते. वाक्य पुरं झालं होतं.

शिमगा. मी. नाही.

माझ्या हातात पेजेची वाटी होती. ती मी खाली ठेवली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी केबिनमध्ये आम्हाला हेच सांगितलं होतं. हा हिवाळा निघाला तर निघाला, पुढचं मी सांगू शकत नाही, असे त्यांचे शब्द होते. ते शब्द मी कुणाला कळू नयेत म्हणून इतके दिवस तोंडात धरून फिरत होते, आणि हे आपले पलंगावर पडल्यापडल्या तोच हिशेब करून बसले होते. लाकडाला शिमगा. त्या पांढऱ्या नळीला दोन महिने. इम्तियाजला परवा.

असं काही नाही हो, तुम्ही बरे होणार, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. रोज म्हणत होते ना, सवयीचं झालं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मला ते बोलवेना. उलट काहीतरी भलतंच विचारलं मी.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

कोण सांगणार? अंग त्यांचंच होतं.

"हो," मी म्हटलं. "शिमग्याला बहुतेक तुम्ही नसाल."

मी हे बोलले. माझ्या तोंडाने बोलले. त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं, दोन्ही कानांपर्यंत गेलं. मी पदराने पुसत राहिले आणि ते येत राहिलं. पण कपाळावरची आठी, जी पत्रा ठोकल्यापासून तिथे बसली होती, ती गेली. नंतर मी पेज भरवली. थोडी गेली पोटात.

संध्याकाळी मी इम्तियाजच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "बसवून टाक." विक्रांतला फोनवर कळवलं तेव्हा तो चिडला. "आई, तू पण? एवढं ठरवून?" मग मी त्याला कारण सांगितलं. "हॅलो," मी म्हटलं. "ऐकतोय," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

लवू मेस्त्रींना सांगायची मला भीती वाटत होती. त्यांनी फळ्यांवर रंधा मारायला घेतला होता. त्यांनी ऐकलं, टोपी काढून डोकं खाजवलं. "मला आधी कळायला पायजे होता," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी इम्तियाजच्या आधी येऊन त्यांनी स्वतः पत्रा उपसला आणि उरलीसुरली वाळवीची चौकट फोडून काढली. कुणी मदत करू लागलं तर, "ऱ्हावंदे," म्हणाले.

खिडकी दिसायला खरंच वाईट होती. उन्हात चकाकायची, सरकवली की खडखडायची, आणि आमच्या जांभ्या दगडाच्या भिंतीत दातांत सोन्याऐवजी पत्रा बसवल्यासारखी दिसायची. काच मात्र सबंध होती, मधे दांडा नाही. ह्यांना पहिल्यांदा उशीवर जरा उंच केलं आणि बाजूला झाले. रस्त्यावरून एक बाई लाकडाची मोळी घेऊन चालली होती. ओळखीचीही नव्हती. ती वळणापलीकडे जाईपर्यंत हे तिच्याकडे बघत होते.

लोक परत थांबायला लागले. मासेवालीने पहिल्याच दिवशी सगळ्या राहिलेल्या दिवसांचे भाव सांगून टाकले. विक्रांत दर शनिवारी यायचा, खिडकीवरून काही बोलायचा नाही, वडिलांजवळ बसून त्यांची नखं कापायचा, दाढी करायचा.

आणि आम्ही दोघं बोलायला लागलो. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मी भाजी निवडत पलंगाशी बसायची आणि विचारायची. मी ठाण्याला विक्रांतकडे राहायला जाऊ? नाही. हे घर ठेवू? हो. तुमच्या धाकट्या भावाला त्याचा हिस्सा देऊन टाकू? जरा थांबून, हो. बाराव्याला माझ्या माहेरच्यांना बोलवायचं का? हो. माझ्या मोठ्या मेव्हण्यांनाही? ह्याला दोनदा, अगदी पटकन, आणि त्यांचे डोळे हसले. मीही हसले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर नवरा-बायको कसल्या गोष्टींवर हसतायत असं त्यांना वाटलं असतं.

माघात ते गेले, सकाळी, मी तोंड पुसत असताना. पालखी नंतर आली.

ते गेले त्याच्या थोडं आधीची गोष्ट आहे. सगळे प्रश्न विचारून संपले होते. काय करायचं, कुणाला कळवायचं, कुणाला काय द्यायचं, सगळ्याची उत्तरं मला मिळाली होती. त्या दिवशी रस्त्यावर कुणी नव्हतं. मी त्यांचा हात चोळत बसले होते आणि माझ्या नकळत तोंडातून गेलं,

"आणि मला करमेल का हो?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघितली. त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत.